हेडफोनमधले पंचवीस शब्द

मी कानांची डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडच्या आमच्या मराठी मंडळींत कितीतरी वर्षं लोक मला गणपतीच्या जेवणाच्या रांगेत गाठून, कानाची पाळी ओढून दाखवत आलेत, "मावशी, इथे जरा ठणकतंय, बघाल का?" ठणकणाऱ्या कानाचा डॉक्टर वेगळा. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान किती ऐकतो आणि काय ऐकतो ते मोजणारी बाई. मोजून झालं की गरज असेल त्याला श्रवणयंत्र बसवून द्यायचं, आणि ते ड्रॉवरमध्ये पडून राहू नये म्हणून त्याच्या मागे लागायचं. शेवटचं काम सगळ्यांत अवघड.

माझं बालपण वेंगुर्ल्याचं, शिक्षण मुंबईचं. विवेकला, माझ्या नवऱ्याला, इथे सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि त्याच्या मागोमाग मी आले. परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन एका खाजगी क्लिनिकमध्ये लागले. तिथे येणारे बहुतेक पेशंट सुखवस्तू निवृत्त लोक. गोल्फ खेळताना मित्राचा विनोद नीट ऐकू येत नाही, ही त्यांची तक्रार. त्यात वाईट काही नाही, पण दहा-बारा वर्षांनी मला ते विनोद पाठ झाले. तेवढ्यात एक जाहिरात दिसली. पश्चिम अलास्कामधल्या एका हॉस्पिटलला गावोगाव जाऊन कान तपासणारं माणूस हवं होतं. वर्षातून चार फेऱ्या, दर वेळी दोन आठवडे. मी अर्ज केला. मंडळातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "अलास्का? मजा आहे यार तुझी. क्रूझवरून जाणार का?"

क्रूझ तिकडे जात नाही. सिअ‍ॅटलहून अँकरेज, तिथून तासभराच्या विमानाने नदीकाठचं एक मोठं गाव, जिथे हॉस्पिटल आहे. त्याच्या पुढे रस्ताच नाही. नऊ माणसांच्या विमानात आपलं वजन सांगून बसायचं, पायाशी पोस्टाची पोती आणि कुणाच्या तरी डायपरची खोकी. हवा बिघडली तर विमान नाही, आणि हवा बरेचदा बिघडते. हिवाळ्यात गोठलेली नदी हाच रस्ता, त्यावर स्नोमशीन म्हणजे बर्फावरची मोटरसायकल पळते. उन्हाळ्यात होडी. ही गावं युपिक लोकांची. हजारो वर्षांपासून ते या नदीच्या आधाराने राहत आलेत. माझ्या वाट्याला आलेल्या गावांपैकी ज्याची ही गोष्ट आहे त्याचं नाव मी इथे देत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. चारेकशे वस्ती, एक शाळा, एक दुकान, दोन चर्च आणि एक दवाखाना.

दवाखान्यात डॉक्टर नाही. तिथे हेल्थ एड असते. हेल्थ एड म्हणजे गावातलीच बाई, जिला काही महिन्यांचं प्रशिक्षण देऊन बाकी सगळं फोनवरून विचारून करायला लावलेलं असतं. बाळंतपण, हाताला लागलेला माशाचा गळ, हार्ट अटॅक, सगळं तिच्याच दारात. आमच्या गावची हेल्थ एड अ‍ॅग्नेस. माझ्याच वयाची, ठेंगणी, कमी बोलणारी. तिने मला पहिल्याच दिवशी वाळवलेला सामन मासा खायला दिला आणि मी तो सुक्या बांगड्यासारखा दाताने सोलून मजेत खाल्ला, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. बाहेरून येणारी माणसं तो वासानेच परत ठेवतात म्हणे.

माझं सामान एका सूटकेसमध्ये मावायचं. ऑडिओमीटर, हेडफोन, कानाचे साचे घ्यायचा मसाला, दोन-चार उसन्या द्यायच्या श्रवणयंत्रांच्या जोड्या. शहरात तपासणीसाठी आवाजबंद खोली असते. इथे औषधांच्या साठ्याची खोली. तिथला फ्रिज बंद करायचा, खोली गरम ठेवणारी भट्टी वीस मिनिटं बंद करायची आणि कोट घालून बसायचं.

या गावांत कान फुटण्याचं प्रमाण फार. मी सुरुवातीला मुलांच्या कानात दिवा घालून बघत सुटायचे आणि चक्रावायचे. पडद्याला भोक, भरून आलेला पडदा, पुन्हा भोक. कारण हळूहळू कळत गेलं. निम्म्याहून जास्त घरांत नळ नव्हता. पाणी बादलीने आणायचं, संडासची बादली बाहेर नेऊन टाकायची. छोट्या घरात आठ-नऊ माणसं, सगळ्यांनी एकाच घमेल्यात हात धुवायचे. एकाला सर्दी झाली की सगळ्यांना, आणि सर्दीतून कान. माझ्या मुलाचा, निखिलचा, कान लहानपणी दुखला होता तेव्हा मी फोन केला आणि दोन तासांत त्याला डॉक्टरने तपासलं होतं. इथल्या पोरांना स्पेशालिस्ट दिसायला महिने लागायचे. देश तोच, पासपोर्टही तोच. उलट त्यांचा माझ्या आधीचा.

माझी पहिली मोठी चूक पहिल्याच फेरीत झाली. नोरा नावाची सात वर्षांची मुलगी होती. तिच्या शिक्षिकेने, जी बाहेरून त्याच वर्षी आली होती, कळवलं होतं की मुलीचं लक्ष नसतं, बहुधा मंदबुद्धी आहे. मी हेडफोन चढवले, सांगितलं की टूं असा आवाज आला की हात वर करायचा, आणि बटणं दाबू लागले. हात वर गेलाच नाही. आवाज वाढवला. तरी नाही. मी फॉर्मवर प्रतिसाद नाही, प्रतिसाद नाही असं लिहीत चालले. दारात उभी असलेली अ‍ॅग्नेस बराच वेळ बघत होती. मग शांतपणे म्हणाली, "ती केव्हाची हो म्हणतेय."

युपिक मुलं हो म्हणायला भुवया उंचावतात. नोरा प्रत्येक आवाजाला भुवया उंचावत होती आणि मी खाली कागदाकडे बघत होते. पुन्हा पहिल्यापासून तपासलं, या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघून. एक कान ठीक होता, दुसऱ्याच्या पडद्याला भोक होतं. तिला वर्गात पुढे, चांगला कान शिक्षिकेकडे येईल असं बसवलं, आणि वर्षभराने हॉस्पिटलमध्ये पडदा शिवला गेला. मंदबुद्धी वगैरे काही नव्हतं. मी हा किस्सा पुढे सगळ्यांना सांगायचे, स्वतःवर हसायचे, आणि मला वाटायचं की शिकायचं ते आपण शिकलो.

शिकले नव्हते. ते मोझेसच्या वेळी कळलं.

मोझेस तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर शिकार आणि मासेमारी केलेले, बायको गेलेली, मुलगी लूसीच्या घरी राहायचे. लूसी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिने वडिलांना दवाखान्यात आणलं, कारण ते बोलेनासे झाले होते. पूर्वी संध्याकाळी लोक त्यांच्याकडे गोष्टी ऐकायला यायचे. आता कुणी आलं तरी ते खिडकीकडे तोंड करून बसायचे. या गावांत घराघरांत एक छोटा रेडिओ असतो. त्यावर कुणीही बोललं की गावभर ऐकू जातं. कुणाकडे मासे जास्त झालेत, कुणाला नदीवर पातळ बर्फ दिसला, कुणाचा वाढदिवस, सगळं त्यावर. मोझेसनी त्यावर बोलणं सोडलं होतं. आणि पंधरा दिवसांपूर्वी ते रस्त्यावरून चालले असताना मागून आलेलं स्नोमशीन त्यांना कळलं नाही. चालवणाऱ्याने शेवटच्या क्षणी वळवलं म्हणून वाचले.

मी त्यांची रीतसर तपासणी केली. आमच्या तपासणीचे दोन भाग असतात. पहिल्यात नुसते आवाज, जाड आणि बारीक, हळूहळू कमी करत न्यायचे. त्यात मोझेस बटण बरोबर दाबत होते. बंदुकीचे बार आणि इंजिनांच्या घरघरीत आयुष्य गेलेल्या माणसाचं ऐकू येणं जसं कमी होतं, तसं झालं होतं. बरंच, पण यंत्राने भागेल असं. दुसरा भाग शब्दांचा. हेडफोनमध्ये एक रेकॉर्ड केलेला पुरुषी आवाज इंग्रजीत सांगतो, अमुक शब्द म्हणा, आणि पेशंटने तो म्हणायचा. आधी जोडशब्द, हॉटडॉग, बेसबॉल, काउबॉय, साइडवॉक. मग छोटे पंचवीस शब्द, त्यातले किती बरोबर आले ते मोजायचं.

मोझेस एकही शब्द बोलले नाहीत. हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी आवाज वाढवला, थांबले, पुन्हा सांगितलं. त्यांना इंग्रजी येत होतं, दुकानात ते बोलताना मी ऐकलं होतं. शेवटी मी जे दिसलं ते लिहिलं. आवाज कळतात, शब्द कळत नाहीत. श्रवणयंत्राचा फारसा उपयोग होईल असं वाटत नाही. स्मरणशक्ती आणि आकलन यांची तपासणी व्हावी. सही केली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आमच्या पुस्तकाप्रमाणे त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता.

तीन महिन्यांनी मी परत गेले तेव्हा अ‍ॅग्नेसने चहा ओतला आणि सांगितलं की मोझेसना अँकरेज शहरातल्या वृद्धांच्या संस्थेत हलवायचं ठरतंय. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी फोनवरून, स्क्रीनवरून तपासलं, डिमेन्शिया असल्याचं मत झालं. लूसी दिवसभर कामावर, घरी लक्ष द्यायला कुणी नाही, स्नोमशीनचा प्रकार घडलेला. आठ दिवसांनी फोनवर बैठक होती. तिथे नक्की होणार होतं. अँकरेजला त्यांची भाषा बोलणारं कुणी भेटेल की नाही, हेही माहीत नव्हतं.

मी फाइल मागितली. सगळ्यांत वर माझाच रिपोर्ट होता. डॉक्टरांनी त्यातलीच वाक्यं उचलली होती.

अ‍ॅग्नेसने विचारलं, "तू त्याला काय म्हणायला सांगितलं होतंस?"

मी तिला शब्दांची यादी दिली. ती तिने सावकाश वाचली. मग खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर चिखलावर टाकलेल्या लाकडी फळ्यांचा रस्ता, त्यावर बर्फ. "साइडवॉक," ती म्हणाली, "काउबॉय." या गावात ना फुटपाथ, ना गुराखी.

त्या क्षणी मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या रेडमंडला आमच्याकडे आल्या असताना चक्कर येऊन पडल्या. हॉस्पिटलात डॉक्टरने त्यांना इंग्रजीत वार, महिना, राष्ट्राध्यक्षांचं नाव विचारलं. सासूबाई नुसत्या हसत राहिल्या आणि त्याने लिहिलं, रुग्ण गोंधळलेली आहे. मी तेव्हा केवढी भांडले होते. गोंधळलेली नाही, तिला तुमचं बोलणं कळत नाही, मराठी दुभाषी आणा. आणलाही त्यांनी. सासूबाईंसाठी भांडणारी मीच, आणि मोझेसच्या फाइलवर सही करणारीही मीच.

अ‍ॅग्नेस आणि मी तशाच लूसीच्या घरी गेलो. मोझेस खिडकीपाशी बसून जाळं दुरुस्त करत होते. वेंगुर्ल्यात आमच्या शेजारचे दादा जाळं असंच करायचे, सुई तशीच, बोटांची चाल तशीच. ज्या माणसाचं डोकं काम करेनासं झालंय तो फाटलेल्या जाळ्यातलं एकही घर न चुकवता ओवणार नाही. मी ते बघत उभी असताना लूसी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून युपिकमध्ये काहीतरी म्हणाली. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं. लूसी हसली. मी विचारलं, काय म्हणाले? लूसी म्हणाली, तिने विचारलं होतं की ही बाई आठवते का. ते म्हणाले, आठवते, मला परत शाळेत बसवणारी.

मला अर्थ कळला नाही. अ‍ॅग्नेसने त्यांच्या शेजारी बसून, कानाशी तोंड नेऊन विचारलं. मोझेसनी सुई खाली ठेवली आणि बराच वेळ बोलले. अ‍ॅग्नेस अधूनमधून थांबवून मला सांगत होती. ते सात वर्षांचे असताना त्यांना दूरच्या निवासी शाळेत नेलं होतं. तिथे एक मास्तर समोर उभा राहून इंग्रजी शब्द म्हणायचा आणि मुलांनी तो पाठोपाठ म्हणायचा. चुकला तर हातावर पट्टी. घरच्या भाषेतला शब्द तोंडातून गेला तर तोंडात साबण. त्यांचा धाकटा चुलतभाऊ शब्द चुकायचा म्हणून रोज मार खायचा.

मग मोझेस माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "एका दिवशी मी ठरवलं की आता कुणी म्हण म्हटलं की म्हणायचं नाही. तो मास्तर गेला, शाळा गेली. मग तू आलीस आणि माझ्या कानात तोच आवाज घातलास."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान डोलावली आणि सुई उचलली.

आता माझ्याकडे आठ दिवस होते. मी हॉस्पिटलला फोन करून माझ्या वरिष्ठ बाईंना सांगितलं की मला माझा रिपोर्ट मागे घ्यायचा आहे आणि तपासणी पुन्हा करायची आहे, युपिक शब्द वापरून. बाई चांगल्या होत्या पण नियमाच्या पक्क्या. त्यांचं म्हणणं, अशी यादी कुणी प्रमाणित केलेली नाही, ती आपल्या मनाने करून तिच्या आधारावर निष्कर्ष काढता येणार नाही. ते बरोबरच होतं. शब्दांची यादी करणं हे शास्त्र आहे. शब्द सारखे ओळखीचे हवेत, सारखे अवघड हवेत, भाषेतले सगळे आवाज त्यात यायला हवेत. मी म्हटलं, इंग्रजी यादी शास्त्रशुद्ध आहे, पण ती या माणसाचे कान मोजत नाही, त्याची शाळा मोजते. मग त्या म्हणाल्या, करायचं तर कर, पण रिपोर्टमध्ये एकूण एक गोष्ट लिही, पहिल्या वेळी काय चुकलं तेही. मी म्हटलं, तेच आधी लिहीन.

अ‍ॅग्नेस, शाळेत युपिक शिकवणारी तिची मावसबहीण आणि मी अशा तिघी दोन संध्याकाळी शाळेच्या ग्रंथालयात बसलो. मला भाषेचं काही कळत नव्हतं, आवाजांचं कळत होतं. त्या शब्द सुचवायच्या, मी त्यातले आवाज जाड की बारीक ते कानाने बघायचे. नेका म्हणजे मासा. अंग्याक म्हणजे होडी. आना म्हणजे आई. घशाच्या खोलातून येणारा एक क आहे त्यांच्याकडे, तो मला शेवटपर्यंत नीट जमला नाही आणि त्या दोघी माझ्या प्रयत्नांवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पंचवीस शब्द जमले. अ‍ॅग्नेसने ते दवाखान्याच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केले. म्हणा असा हुकूम त्यात नको, असं ती म्हणाली. त्याऐवजी सुरुवातीला तिने एक वाक्य घातलं, त्याचा अर्थ साधारण असा की, मी काही शब्द बोलणार आहे, ऐकू आले तर मलाही सांगा.

माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. सकाळी बर्फाचं वादळ सुरू झालं आणि विमान कॅन्सल झालं, पुढचे तीन दिवस कॅन्सलच राहिलं. विवेकला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "तुझा आवाज अडकून पडलेल्या माणसासारखा वाटत नाहीये." नव्हतेच मी अडकले.

मोझेस वादळातून लूसीचा हात धरून आले. भट्टी बंद केली, फ्रिज बंद केला, चौघं कोट घालून बसलो. मी हेडफोन त्यांच्या हातात दिले, त्यांनी ते स्वतः चढवले. पहिला शब्द गेला. त्यांनी तो म्हटला. दुसरा म्हटला. पाचव्या शब्दाला ते थांबले, हेडफोन एका कानावरून सरकवला आणि अ‍ॅग्नेसला युपिकमध्ये काहीतरी सुनावलं. ती लाजली. मी विचारलं, नाही आला का ऐकू? ती म्हणाली, "आला. मी तो चुकीचा उच्चारलाय म्हणतात. तरुण लोक असाच बोलतात म्हणे." अ‍ॅग्नेस तेव्हा चौपन्न वर्षांची होती.

पंचवीसपैकी एकवीस शब्द त्यांनी बरोबर म्हटले, आणि वर दोन दुरुस्त करून दिले. ज्याला शब्द कळत नाहीत असं मी लिहिलं होतं, तो हा माणूस.

सूटकेसमधली उसनी यंत्रं मी त्यांच्या कानांना बसवली. अशा वेळी पेशंटच्या डोळ्यांत पाणी येतं, नातेवाईक मिठ्या मारतात, असं लोकांना वाटतं. माझ्या अनुभवात पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा वैतागाची असते. इतक्या वर्षांनी सगळं एकदम ऐकू यायला लागतं, भांडी, पावलं, भट्टी. मोझेस म्हणाले, फार गोंगाट आहे, आणि दुसऱ्या दिवशी काढून ठेवली. तिथे मी काही करू शकले नसते, कारण मी विमानात बसून परत जाणार होते. अ‍ॅग्नेस रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जायची. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, मग जेवण होईपर्यंत. यंत्र पुसायचं कसं, साचा घट्ट होतोय का, शिट्टी का वाजते, हे ती मला फोनवर विचारायची आणि मी इकडून सांगायचे.

बैठक झाली ती फोनवरच. मी रेडमंडहून बोलले. माझी चूक कुठे झाली, ती कशी कळली, नवीन यादी प्रमाणित का नाही आणि तरी तिच्यावरून मी काय म्हणू शकते, हे सगळं सांगितलं. लूसी बोलली, अ‍ॅग्नेस बोलली. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, रास्त प्रश्न. निर्णय तीन महिन्यांनी घ्यायचं ठरलं. तीन महिन्यांनी ते डॉक्टर स्वतः त्या गावी गेले, मोझेसना दुभाष्याच्या मदतीने समोरासमोर तपासलं आणि शहरात हलवण्याचा विषय फाइलमधून काढून टाकला. त्यांनी मला कळवलं ते दोनच ओळींत, पण कळवलं.

इथे माझं कौतुक करायला कुणी पुढे येईल म्हणून दुसरी बाजूही लिहायला हवी. त्यानंतर मी हॉस्पिटलच्या परवानगीने माझ्या जुन्या फाइली काढल्या. आधीच्या वर्षांत मी तपासलेली म्हातारी माणसं, ज्यांच्या नावापुढे मी शब्द कळत नाहीत असं लिहिलं होतं. बरेच जण हयात होते, त्यांना अ‍ॅग्नेसच्या यादीने पुन्हा तपासलं, काहींचा निकाल बदलला, काहींचा नाही. पण एक बाई होत्या नदीच्या खालच्या अंगाच्या गावातल्या. माझ्या रिपोर्टनंतर सहा महिन्यांनी त्यांना शहरात नेलं होतं, आणि तिथेच त्या वारल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं की त्याही माझ्यासमोर गप्प बसल्या होत्या, हे आता कुणी सांगू शकणार नाही. त्यांच्या मुलाला मी भेटले आणि मला जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, तिला तिथलं जेवण आवडायचं नाही. एवढंच. ती फाइल मी विसरत नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं.

मोझेसनी दोन महिन्यांत यंत्रांशी जमवून घेतलं. गावच्या रेडिओवर ते पुन्हा बोलायला लागले, ते लूसीने मला फोनवर सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त वाऱ्याची दिशा सांगितली आणि गावातल्या तीन घरांतून लोक बघायला आले की हे खरंच तेच आहेत का. त्या हिवाळ्यात शाळेने त्यांना आठवड्यातून दोनदा गोष्टी सांगायला बोलावलं. मी एकदा मागच्या बाकावर बसले होते. इंग्रजीत कार्टून बघत वाढलेली ती पोरं, निम्मं कळत होतं, निम्मं नाही, पण गप्प बसून ऐकत होती. आणि मोझेस पोरांना पाठोपाठ म्हणायला लावत नव्हते. एखाद्याने आपणहून शब्द उचलला की ते मान डोलवायचे, तेवढंच.

शब्दांची यादी मात्र त्यांना बोचत राहिली होती. अ‍ॅग्नेसचा तो उच्चार. पुढच्या फेरीला ते आपणहून दवाखान्यात आले आणि म्हणाले, ती मशीन लाव, मी म्हणतो. एका युनिव्हर्सिटीतल्या भाषातज्ज्ञ बाई तोवर आमच्यात सामील झाल्या होत्या. त्यांनी आमची यादी शास्त्राच्या चाळणीतून काढली, सात शब्द बदलले, बऱ्याच लोकांवर तपासून पाहिली. त्या नवीन यादीसाठी मोझेसनी सगळे शब्द रेकॉर्ड केले. एक शब्द त्यांनी अकरा वेळा म्हटला, मनासारखा येईपर्यंत. आता नदीकाठच्या कितीतरी गावांत कान तपासताना हेडफोनमध्ये त्यांचा आवाज असतो.

गेल्या वर्षी मी ते काम सोडलं. गुडघे छोट्या विमानांना कंटाळले, हे एक कारण. दुसरं अधिक चांगलं. अ‍ॅग्नेसने पुढचं प्रशिक्षण घेतलं. ती आता पडद्याचा फोटो काढून शहरातल्या सर्जनला पाठवते, कान तपासते, यंत्र बसवते. त्या गावांना पूर्वी वर्षातून चार वेळा मिळायची ती कानांची तपासणी आता बाराही महिने मिळते. मला त्याचा अभिमान वाटतो आणि जरासं वाईटही वाटतं. गावात पाण्याची लाइनही आली, अर्ध्या घरांपर्यंत. उरलेल्या अर्ध्या घरांसाठी अ‍ॅग्नेस दर बैठकीत हात वर करते आणि खाली घेत नाही.

मध्यंतरी तिचा फोन आला. वरच्या अंगाच्या एका गावातल्या नव्वदीच्या आजींना ती तपासत होती. आजी आणि मोझेस तरुणपणी एकाच मासेमारीच्या तळावर असायचे, मग चाळीस वर्षं भेट नाही. आजींनी हेडफोन चढवले. मोझेसच्या आवाजात पहिला शब्द आला, मासा. आजींनी तो पाठोपाठ म्हटला नाही. त्या जोरात त्याच्याशी बोलायलाच लागल्या. मासे कमी झालेत यंदा, पाणी कोमट झालंय, तुझ्याकडे कसं आहे, आणि तुझी बायको गेल्याचं कळलं रे, चांगली होती. मध्ये होडी आली, आई आली, आजी प्रत्येकावर काहीतरी बोलत होत्या आणि पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या.

मी अ‍ॅग्नेसला विचारलं, मग तू फॉर्मवर काय लिहिलंस?

"पंचवीसपैकी पंचवीस," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी मोझेसना निरोप दिला. आता ते म्हणतात, होडीने मला तिकडे घेऊन चल, तिला उत्तर द्यायचं राहिलंय."

नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेल्यावर, जूनमध्ये, लूसीने त्यांना होडीने नेलं.